वाडीकर सरांची पट्टी

पहिल्याच दिवशी वाडीकर सर अकरावीच्या वर्गात वीट घेऊन आले. खरीखुरी, भट्टीतली, लाल माती झडणारी वीट. टेबलावर ठेवून म्हणाले, "सांगा, हिचा काय काय उपयोग हुईल?" पोरं म्हणाली, भिंत. "अन् मग?" चूल. "अन् मग?" शेवटी कंधारकडची एक लाजरी मुलगी उठली, "सर, वाळत घातलेली साडी उडू नये म्हणून वर ठेवतेत." सरांनी टेबलावर थाप मारली, "ही बघा बुद्धी! पुस्तकात न्हाई, हिच्या डोक्यात हाय!" त्याच कॉलेजात मीही मानसशास्त्र शिकवायचे. दाराशी उभी राहून ऐकत होते. विचार, भाषा, बुद्धिमत्ता हे धडे असे शिकवणारा माणूस मी अख्ख्या नांदेडात दुसरा पाहिला नाही. हे आधीच सांगून मोकळी होते, कारण पुढे त्या माणसाबद्दल माझ्या तोंडून बरं काही निघणार नाही.

"इचार दाखव, उत्तर नगं," हे त्यांचं पालुपद. पोराने बरोबर उत्तर दिलं तरी सोडायचे नाहीत, "कसं कळलं ते सांग की!" एकदा एक बाप मुलाला घेऊन आला आणि त्याच्यासमोरच म्हणाला, पोरगं ढ आहे. सर त्याच्यावर असे उखडले की बाप चपला विसरून गेला.

आणि ह्याच माणसाने नोकरी सोडून डोळे बांधून वाचायला शिकवण्याचा क्लास काढला! चौकात फलक लागला, त्यावर कोट घालून हसणारे सर, बाजूला डोळ्यांवर काळी पट्टी बांधलेलं पोरगं, हातात पुस्तक. मेंदूचा तिसरा डोळा म्हणे उघडतो. अहो, पट्टीखाली नाकाच्या दोन्ही बाजूंना फट राहते, पोरं तिथून बघतात, हे शेंबड्या पोरालाही कळेल. मी तडक क्लासवर गेले. "सर, लाज नाही वाटत?" त्यांनी शांतपणे चहा मागवला. "मॅडम, इतकी वर्षं इचार करायला शिकवलं, कोन आलं? आता पट्टी बांधतो तर रांग लागून राहिली. लोकांला इचार नगं, चमत्कार पायजे." तो चहा मी तसाच ठेवून आले.

इथवर नुसता राग होता. किळस पुढे आली.

माझी मावसबहीण सुनीता अहमदपूरला राहते. तिची नऊ वर्षांची अंकिता जन्मापासून आंधळी. लातूरला अंध मुलांच्या शाळेत राहून ब्रेल शिकायची, आणि सुट्टीत आली की बोटं फिरवत मला गोष्टी वाचून दाखवायची, मध्येच खुदकन हसायची. सुनीताने नांदेडला आली असताना तो फलक पाहिला. पोरं डोळे बांधून वाचतात, मग माझी का नाही वाचणार? आईचं मन, तिला काय दोष द्यायचा! सरांनी मात्र तिला हात जोडून परत पाठवायला हवं होतं. त्यांनी काय केलं? त्या पोरीच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. आंधळ्या पोरीच्या! वर सांगितलं, ब्रेल बंद करा, बोटाची सवय राहिली तर तिसरा डोळा उघडत नसतो.

सुनीताने शाळा सोडवली. मी घसा कोरडा पडेस्तोवर समजावलं. ती म्हणाली, "अक्का, तुमी शिकलेल्या हाव, पन तुमची लेक आंधळी न्हाई."

काही महिन्यांनी नांदेडात सरांचा कार्यक्रम झाला. मंचावर अंकिता, डोळ्यांवर पट्टी. सर रंगीत फडकी उंच धरत होते आणि ती धडाधड रंग सांगत होती. टाळ्यांवर टाळ्या. सुनीता पदराने डोळे पुसत होती. मी डोळे मिटून नुसतं ऐकलं. सर "हं बेटा" म्हणाले की लाल. "बोल बेटा" म्हणाले की हिरवा. "चल बेटा" म्हणाले की पिवळा. दरवेळी तेच!

दोघींना मी तिथून घरी आणलं. सुनीतासमोर एक पिकलेलं टमाटं अंकिताच्या तोंडाजवळ धरलं आणि म्हणाले, "बोल बेटा."

"हिरवा," ती म्हणाली. मग हुंगून थांबली. "मावशी, तुमी चुकलाव. ह्याला टमाट्याचा वास येतोय. टमाटं लाल असतंय. 'हं बेटा' म्हनायला पायजे होतं."

सुनीताने तिचे खांदे धरले. "म्हंजे तुला दिसत न्हाई?"

"दिसतंय की. सर आवाजात सांगतेत, मग मला दिसतंय." तिने माझा हात चाचपून धरला. "मावशी, तुमाला रंग कोन सांगतंय?"

सुनीताने तिला छातीशी धरलं आणि मोठ्याने रडली. पोरीला आपलं काय चुकलं तेच कळेना. पुढच्याच आठवड्यात आम्ही तिला लातूरच्या शाळेत परत नेऊन घातलं. बोटं मंदावली होती, पण वाचायला लागली.

सरांना फोन केला तो शिव्या द्यायलाच. जन्मात कुणाला दिल्या नाहीत, त्यांना दिल्या. त्यांनी सगळ्या ऐकून घेतल्या. शेवटी म्हटलं, त्या लेकराला दिसणं म्हणजे काय हेच तुम्ही खोटं शिकवलंत, आता ती विचारते, तुम्हाला रंग कोण सांगतं? पलीकडे कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला. वाटलं, चला, कुठेतरी लागलं.

"काय प्रश्न हाय, मॅडम!" सर हरखून म्हणाले. तो आवाज मी ओळखला, विटेच्या दिवशीचा. "लई भारी प्रश्न. शब्द आधी का अनुभव आधी? ह्या एका प्रश्नावर अख्खा तास घेता येतो."

मी फोन कापला, त्यांचा नंबर ब्लॉक करून टाकला. मला ओकारी आली, कारण तो तास त्यांनी खरोखरच फार सुंदर घेतला असता.