शंभर झोके

“हा बघा. परत बसला,” चौहान म्हणाले.

चौहान आमचे सिक्युरिटी ऑफिसर. दुपारचे तीन वाजले होते आणि आम्ही दोघं कंट्रोल रूममध्ये स्क्रीनसमोर बसलो होतो. स्क्रीनवर एकवीस नंबरची विहीर, तिचं तारेचं कुंपण, आणि कुंपणाजवळ उकिडवा बसलेला एक म्हातारा. समोर बादली. दोन्ही हात मोकळे. पण ओठ एकसारखे हलत होते.

“कोणाशी बोलतोय हा?” मी विचारलं.

“तेच तर. मोबाईल गेटवर जमा आहे. कानात काहीतरी असणार. तुम्हाला काय वाटतं?”

“असू शकतं,” मी म्हणालो.

त्या दोन शब्दांबद्दल हे लिहितो आहे.

मी मूळचा संग्रामपूरचा. नोकरी गुजरातमधल्या एका मोठ्या, जुन्या तेलक्षेत्रावर. जुनं म्हणजे माझ्या जन्माआधीपासून तेल देणारं. लोकांना वाटतं तेलाच्या विहिरीतून कारंजं उडतं. तसं तरुणपणी होत असेल. म्हाताऱ्या क्षेत्रात दहा बादल्या उपसल्या तर नऊ पाण्याच्या निघतात आणि दहावीसाठी सगळा खटाटोप चालतो. उपसायला विहिरीवर पंप असतो. त्याचं लोखंडी डोकं दिवसभर वर-खाली होतं, म्हणून त्याला सगळे घोडा म्हणतात. साठ-सत्तर विहिरींचं तेल-पाणी पाइपातून एका स्टेशनवर येतं. तिथे पाणी वेगळं करून तेल टाकीत मोजतात.

या क्षेत्राचं आधुनिकीकरण करायचं काम माझ्याकडे होतं. प्रत्येक घोड्याला मी कंट्रोलर बसवला. विहीर रिकामी होत आली की घोडा आपोआप थांबतो, भरली की पुन्हा सुरू होतो. वीज वाचते, आतले रॉड तुटत नाहीत. कॅमेरे लावले. कागदी रजिस्टर जाऊन टॅब्लेट आले. विहिरीवर जायचं, नळ उघडून बाटलीत सॅम्पल घ्यायचं, त्यात पाणी किती ते लॅबमध्ये बघायचं आणि आकडा भरायचा. विहिरीवर एका सॅम्पलला तीन मिनिटं. ही तीन मिनिटं मीच ठरवली होती.

तीन महिन्यांत गडबड दिसू लागली. सगळ्या विहिरींच्या तेलाची कॉम्प्युटरवर बेरीज केली की एक आकडा यायचा. टाकीत प्रत्यक्षात त्याहून कमी तेल असायचं. रोज.

आमचे प्रमुख पटेल साहेब मीटिंगमध्ये म्हणाले, “इंगळे, जमिनीतून निघतंय आणि टाकीत पोचत नाही. मधे कोण पितंय?”

आमच्याकडे पाइपलाइन फोडून तेल चोरणं नवीन नव्हतं. त्यामुळे चोर आहे की नाही, हा प्रश्नच कोणी विचारला नाही. मीही नाही. कोण आहे, एवढंच शोधायचं होतं.

मी ड्युटीचे तक्ते काढले. एक गोष्ट लगेच दिसली. ज्या दिवशी शेख रहीमची ड्युटी, त्या दिवशी त्याच्या वाट्याच्या विहिरींत तेल कमी आणि पाणी जास्त. दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस गेला की तेल पुन्हा वर. वर हा माणूस, म्हणजे स्क्रीनवरचा तो म्हातारा, तीन मिनिटांचं काम सोडून एकेका विहिरीवर वीस-वीस मिनिटं बसायचा.

अर्थ सरळ वाटला. पाणी जास्त लिहायचं आणि तेवढं तेल कोणाला तरी द्यायचं.

रहीमचाचा कंत्राटी ऑपरेटर होते. बावीस वर्षं याच विहिरींवर काढलेली. मोताळ्याजवळच्या खेड्यातले, म्हणजे माझ्याच जिल्ह्यातले. ईदला माझ्या घरी शीरखुर्म्याचा डबा यायचा. ऑफिसात आम्हाला ‘गाववाले’ म्हणायचे. आता खरं सांगतो. ते गाववाले होते म्हणूनच मी जास्त कडक झालो. इंगळे आपल्या माणसाला झाकतोय, असं कोणी म्हणू नये, ही मला चोरीपेक्षा मोठी भीती होती. चौकशीचं पत्र मीच टाईप केलं.

चौकशी पटेल साहेबांच्या केबिनमध्ये झाली. चाचा उभेच राहिले. चौहानांनी कॅमेऱ्याचं चित्रण दाखवलं.

“इतका वेळ काय करत होतास?”

“झोके मोजत होतो, साहेब. घोड्याचे.”

“झोके?” चौहान हसले. “घोडा काय पाळण्यातलं मूल आहे?”

“घोडा थांबला का तेल वर येते, साहेब. चालू झाल्या-झाल्या बाटली धरली तं तेलच तेल भेटते. मंग खरं पाणी कसं समजन? थोडं थांबा लागते.” मग ते माझ्याकडे वळले. “इंगळे साहेबाले मी सांगतलं होतं. मशीन बसवली त्याच हप्त्यात.”

सगळे माझ्याकडे बघू लागले.

त्यांनी सांगितलं होतं. मला जागा आठवत होती, सोळा नंबरच्या विहिरीजवळचं बाभळीचं झाड. मी घाईत होतो. “चाचा, आता ते सगळं मशीन बघतं,” असं म्हणून मी जीपमध्ये बसलो होतो.

पटेल साहेबांनी विचारलं, “सांगितलं होतं का याने?”

“मला आठवत नाही, सर,” मी म्हणालो.

चाचांनी गेटपास टेबलावर ठेवला आणि ते गेले. गेटपास गेला म्हणजे नुसती नोकरी जात नाही. तेलचोरीच्या संशयावर पास गेलेल्या माणसाला दुसऱ्या कुठल्याही प्लांटच्या गेटवर उभं करत नाहीत. पोलिसांत द्यायचं की नाही, ते पुढच्या महिन्यात ठरणार होतं.

चाचांच्या जागी नवा टेक्निशियन आला. तीन मिनिटांत सॅम्पल, झटपट आकडा. चाचांच्या विहिरींतलं तेल स्क्रीनवर वाढलं. चौहान मला म्हणाले, “बघितलं? चोर गेला, तेल आलं.”

मी टाकीची पातळी बघितली. ती बोटभरही वर सरकली नव्हती.

चोर गेला असेल तर टाकी भरायला हवी होती. आकडा वाढला आणि टाकी तिथेच, म्हणजे बेपत्ता तेल उलट वाढलं. पंधरा दिवस मी हे रोज बघत होतो. लाज वाटायला हवी होती. पण माझ्या मनात आलं ते असं, की चाचांचा एक साथीदार अजून आत आहे. मी नव्या टेक्निशियनचेही तक्ते काढले. संशयाची एकदा सवय लागली की तो आपलं चुकलं असं म्हणतच नाही, फक्त माणूस बदलतो.

शेवटी मी सुट्टी घेतली. साथीदाराचं नाव चाचांकडून काढू, असा विचार होता. मलकापूरला उतरलो, एसटीने मोताळ्याला गेलो, तिथून रिक्षाने गाव गाठलं. चाचांच्या घरासमोर उभं राहून मी आधी काय केलं? छपरावरचे पत्रे नवे आहेत का बघितले. दारात मोटरसायकल आहे का बघितली. पत्रे गंजलेले होते. मोटरसायकल नव्हती, बकरी होती.

“बाजारात गेले. मोताळ्याले,” आतून चाचींनी सांगितलं. आत या म्हणाल्या नाहीत.

आठवडी बाजाराचा दिवस होता. भावाच्या धान्याच्या दुकानापुढे चाचा सोयाबीनची पोती टेम्पोत चढवून घेत होते. मी रस्त्याच्या पलीकडे थांबलो. दुकानाच्या पायरीवर उकिडवे बसलेले. हात मोकळे. आणि ओठ हलत होते.

मी जवळ गेलो तेव्हा ऐकू आलं. “बरकत, दोन, तीन, चार...”

आमच्याकडे बाजारात धान्य मापणारे जुने मापारी मोजताना ‘एक’ म्हणत नाहीत. कोणी लाभ म्हणतो, कोणी बरकत, आणि मग पुढे दोन, तीन. चाचांचे वडील याच बाजारात मापारी होते, हे मला माहीत होतं. स्क्रीनवर ज्या ओठांना मी चोरीचा फोन समजलो होतो, ते हे होते.

त्यांनी मला बघितलं. मोजणं थांबवलं नाही. टेम्पो निघून गेल्यावर म्हणाले, “या साहेब. पोलीस कुठी आहे?”

“एकटाच आलोय, चाचा.”

“काऊन?”

तोंडात आलेला प्रश्न साथीदाराचा होता. तो मी गिळला. “तुम्ही सॅम्पल कसं घेता, ते सांगा.”

“आता इचारता?” ते हसले. ते हसू चांगलं नव्हतं. “पह्यले घोडा रातदिवस चालत होता. तवा कवाबी बाटली धरा, सारखंच. तुमच्या मशीननं तो थांबून राह्यला. थांबला का पायपात तेल वर, पानी खाली. वरणाचं पातेलं ठेवल्यावानी. वरची पळी काढून म्हनसान का पातळ झालं, तं खाली काय हाये ते कोन पाहीन? मी शंभर झोके मोजतो. दर धाव्या झोक्याले जराशीक धार बादलीत. शेवटी ढवळून बाटली भरतो. वीस मिंटं लागते. चोरी कराले येवढा टाईम नाई लागत, साहेब.”

बाजारातल्या आवाजात मी उभा होतो. तेल चोरीला गेलंच नव्हतं. ते कधी निघालंच नव्हतं. माझ्या तीन मिनिटांनी वरची पळी मोजली होती आणि सगळं पातेलं तसंच आहे असं धरलं होतं. बावीस वर्षांच्या अनुभवाचा एकच माणूस खरा आकडा लिहीत होता आणि बाकी सगळे खोटे आकडे एकमेकांशी जुळत असल्यामुळे चोर तो ठरला.

“मी परत जाऊन तपासतो,” मी म्हणालो. “तुमच्यावरचा आरोप काढून घेतो. तसं पत्र आणून देतो.”

“मी चोर नाई, हे मले मालूम हाये. त्याचं सर्टिफिकेट काय करू?” ते उठले. “एक काम करता? तुम्हाले आठवते, येवढं लिहून द्या. बाभळीखाली मी सांगतलं होतं अन् तुम्हाले आठवते. बस.”

मी म्हणालो, “तपासणी झाल्यावर लिहितो.”

“हाव,” ते म्हणाले. “तपासून घ्या. भरोसा कोनाचाच नाई कराचा.”

हा टोमणा मला परतीच्या गाडीत, भुसावळच्या पुढे कळला. मला आठवतं, एवढं लिहायला कसली तपासणी लागत नव्हती.

दुसऱ्या दिवशी एकवीस नंबरवर मी स्वतः बसलो. घोडा थांबलेला होता. चालू केला, लगेच एक बाटली भरली. मग शंभर झोके मोजले, प्रत्येक दहाव्याला थोडी धार. लॅबमध्ये दोन्ही बाटल्या शेजारी ठेवल्या. पहिलीत निम्म्याच्या वर तेल. दुसरीत तळहाताच्या रेघेएवढा काळा थर. दहा विहिरींवर तेच केलं. नव्या आकड्यांची बेरीज टाकीशी जुळली.

पटेल साहेब खूश झाले. “बढिया. रिपोर्टमध्ये लिहा, सॅम्पलिंगच्या पद्धतीत सुधारणा केली. शेखचा पास सोडून द्या. विषय संपला.”

“सर, चौकशीत मी एक खोटं बोललो होतो.”

“इंगळे, आता ते उकरायची गरज आहे का?”

गरज नव्हती. म्हणूनच मी दोन दिवस कबुलीचा कागद खिशात घेऊन फिरलो. तिसऱ्या दिवशी फायलीला लावला. रहीमचाचांनी मला आधी सांगितलं होतं, मला चौकशीच्या वेळीही आठवत होतं, आणि प्रोजेक्टवर ठपका येईल म्हणून मी नाही म्हणालो. सही केली. एक प्रत रजिस्टर पोस्टाने मोताळ्याला पाठवली.

मला मेमो मिळाला. त्या वर्षीच्या प्रमोशनच्या यादीत माझं नाव नव्हतं. चाचांना पास परत मिळाला, ते आले नाहीत. पोस्टाची पोचपावती तेवढी आली, त्यावर उर्दूत सही. त्या ईदला डबा आला नाही, पुढच्याही नाही.

आता आमच्या टॅब्लेटवर घोड्याचे शंभर झोके झाल्याशिवाय सॅम्पलचं पान उघडत नाही. टेक्निशियन कंटाळतात, शिव्या देतात. हा नियम कुठल्या शहाण्याने काढला, असं मलाच विचारतात. मी मोताळ्याच्या रहीमचाचांचं नाव सांगतो, आणि तो नियम माझ्यामुळे किती उशिरा लागू झाला तेही सांगतो. नवीन माणसाला मी एकच गोष्ट शिकवतो. एखाद्याचा आकडा आपल्या आकड्याशी जुळला नाही, तर आधी त्याचा खिसा तपासू नका. आपली बाटली तपासा. तिला वीस मिनिटं लागतात.