घंटेनंतरची हजेरी

हजेरीचं रजिस्टर मी तिसऱ्यांदा चाळलं, तरी सरासरी काही वर सरकेना. कृष्णाकाठच्या त्या गावातल्या नव्या हायस्कुलाची हजेरी सरकारी अटीपेक्षा कमी भरत होती.

ही गोष्ट चाळीसच्या दशकातली. मी सातारा जिल्ह्यात शाळाखात्यात असिस्टंट डेप्युटी इन्स्पेक्टर होतो. गावाने शाळा काढली म्हणजे सरकारदरबारी ती शाळा होत नसे. आम्ही जाऊन खोल्या, शिक्षक, पुस्तकं, प्रयोगाचं सामान आणि हजेरी तपासायची. रिपोर्ट वर जायचा आणि मग मान्यता. ती नसेल तर शाळेतर्फे मॅट्रिकचे फॉर्म जात नसत.

इथे मॅट्रिकच्या वर्गात नऊ जण होते. त्यांत तारा ही एकटी मुलगी. मान्यता हुकली तर मुलगे साताऱ्यात नाहीतर सांगलीत जाऊन शिकले असते. ताराला घरचे परगावी पाठवणार नव्हते.

बाकी सगळं चोख होतं. हेडमास्तर सांगलीचे, बी.टी. ही शिक्षकाची पदवी घेतलेले. शाळेचे चिटणीस म्हणजे पलटणीतून रिटायर झालेले सुभेदार, ताराच्या आईचे वडील. हजेरी ते स्वतः घ्यायचे, फाटकात उभं राहून.

मी नाइलाजाने वह्या तपासायला घेतल्या आणि चमकलोच. ताराच्या निबंधाखाली मास्तरांच्या लाल पेन्सिलीची सही होती, तारखेसकट. त्याच तारखेला रजिस्टरात तारा गैरहजर. आणखी वह्या उघडल्या. तीच तऱ्हा. वह्या खोट्या की रजिस्टर? माझं डोकं तापलं. दोन्हींपैकी काहीही खोटं निघालं तरी शाळा गेलीच.

दोघांना विचारलं तेव्हा हेडमास्तरांनी मान खाली घातली. सुभेदारांनी मात्र सरळ सांगितलं. नदीपलीकडची मुलं नावेने येतात, नाव घंटेनंतर लागते.

"पण मुलं दिवसभर वर्गात असतात ना?" मी विचारलं.

"असत्यात की."

"मग गैरहजर का?"

"घंटंला न्हवती म्हणून. आमच्या पलटणीत फॉलिनला रांगेत हुबा न्हाई तो गैरहाजर. मागनं आला म्हणून हाजीर कसं लिवायचं?"

"स्वतःच्या नातीलासुद्धा?"

"तिलाबी. ती पलीकडनंच येती."

मला हसावं की कपाळावर हात मारावा कळेना. इतर शाळांत मी तापाने घरी झोपलेली मुलं हजर लावलेली पाहिली होती. इथे समोर बसलेली मुलं गैरहजर होती. मी म्हटलं, वह्यांवरून रजिस्टर दुरुस्त करून घ्या, मी तोवर चहा घेतो. असं बोलायला नको होतं, पण बोललो.

म्हातारा ताठ उभा राहिला. "मान्यता देऊ नका साहेब. पर लिवल्यालं खोडायचं न्हाई. पोरांच्या देखत लिवलंय मी."

ताराचं काय होणार हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्या क्षणी मला त्या माणसाबद्दल जो आदर वाटला, तो आजवर कुठल्या साहेबाबद्दल वाटला नाही.

मी मुक्काम वाढवला. प्रत्येक वहीतली तारीख आणि रजिस्टरातली नोंद शेजारीशेजारी मांडून तक्ता केला आणि रिपोर्टाला जोडला. साताऱ्याला मोठ्या साहेबांनी तो चष्मा पुसून दोनदा वाचला.

"नियमात वह्या कुठे आहेत?"

"नाहीत, साहेब. पण स्वतःचं नुकसान करणारं रजिस्टर कोणी खोटं लिहील का?"

साहेबांनी तक्ता पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिला. मग त्यांनी एका वर्षाची तात्पुरती मान्यता लिहिली. अट एकच, मधल्या सुट्टीनंतर दुसरी हजेरी घ्यायची.

पुढच्या वर्षी तपासणीला गेलो तेव्हा तारा मॅट्रिक पास झालेली होती. तिच्या नावापुढे परीक्षेपर्यंत रोज दोन नोंदी होत्या. सकाळी गैरहजर, दुपारी हजर. आजोबांनी एकही दिवस सोडला नव्हता.

त्यानंतर नोकरीत पुष्कळ रजिस्टरं पाहिली. ज्यात एकही गैरहजर सापडला नाही, तिथे मी आधी वर्गात जाऊन डोकी मोजली.