आयरिश फिडल, कुलकर्णी आणि माझा फसलेला सूड

मंडळी, महिनाभर मनात धरून ठेवलेला सूड आज घ्यायचाच होता.

ऑफिसातला कुलकर्णी रोज माझ्या गाडीत बसतो आणि माझ्या आवडत्या जुन्या आयरिश फिडलच्या, म्हणजे तिकडच्या लोकसंगीतातल्या व्हायोलिनच्या, रेकॉर्डिंगला नावं ठेवतो. "वाजवणाऱ्याचा पाय आपटतोय, तेही ऐकू येतं. नवीन अल्बम ऐक, किती सफाईदार."

म्हणून आज लुसैलच्या ऑफिसला जाताना आमच्या आयरिश सहकाऱ्याला, शॉनला, मुद्दाम सोबत घेतलं. माझं ते जुनं रेकॉर्डिंग लावलं. शॉन हळवा झाला. "माझे आजोबा असाच पायाने ठेका धरायचे." कुलकर्णीचं तोंड बघण्यासारखं होतं.

मग त्याने आपला चकचकीत अल्बम लावला. शॉनने डोळे मिटून तोही पूर्ण ऐकला आणि कुलकर्णीकडे त्याची लिंक मागितली.

माझं काही चुकतंय का, सांगा. उद्यापासून दोघांनीही मेट्रोने जावं. खलास.