दोर फेकण्याआधी

उमरग्याच्या हायवेवर ट्रकच्या पंक्चरी काढणारी एकच बाई आहे, इरम्मा. तिच्या दुकानासमोर माझी चहाची टपरी. लोक मला म्हणतात, बाईनं एवढा डूख धरू नये. मी म्हणतो, का धरू नये?

तिचा नवरा रुद्रेश जवळच्या तलावावर गौरीशंकरच्या बोटिंगला कामाला होता. लांबट प्लॅस्टिकच्या नावेत, कयाकमध्ये, पर्यटकांना बसवायचा. एका कयाकला तळाशी तडा गेला, तर गौरीशंकरनं त्यावर ट्यूबचं ठिगळ पंक्चरच्या सोल्युशननं चिकटवायला लावलं. इरम्मानं तेव्हाच बजावलं होतं, "मालक, सोल्युशन रबराला धरतंय, प्लॅस्टिकला न्हाय." पण आमच्याकडं ट्यूबच्या ठिगळावर सगळ्यांचा भलताच भरवसा. ठिगळ भर तलावात निघालं. लाइफ जॅकेटं उन्हानं विटतात म्हणून कपाटात कुलूपबंद होती. रुद्रेश बुडाला आणि गौरीशंकरनं गावभर उठवलं, "पिऊन बसला होता." अहो, रुद्रेशनं जन्मात सुपारीसुद्धा खाल्ली नव्हती! त्याची आई नागम्मा तेव्हापासून देवळातही जाईना.

इरम्मा रडली थोडी, खदखदली फार. तिला भरपाई नको होती. गौरीशंकरच्याच तोंडून, चारचौघांत, नागम्माच्या कानावर खरं जायला हवं होतं.

दोन वर्षांनी बोटिंग पुन्हा सुरू व्हायचं ठरलं. प्रत्येक नावेत संकटाची पिशवी हवी, अशी अट पडली, आणि हा निर्लज्ज माणूस ती बनवून घ्यायला इरम्माकडंच आला. तिनं मन लावून पिशव्या भरल्या. तडा पुसून कोरडा करायला फडकं, वर मारायला डांबरी चिकटपट्टी, पाणी उपसायला मग, शिट्टी आणि लांब दोर. पिशव्या पोचवायला गेली तेव्हा मालकासाठी सजवलेली कयाक तिनं उलटी करून पाहिली. तीच नाव. नव्या रंगाखाली पुन्हा तसंच ठिगळ. दुसरं कुणी बसणार असतं तर ती बोलली असती. ती गप्प राहिली, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही.

उद्घाटनाला तिनं नागम्माला आणून काठावर बसवलं. गौरीशंकरनं फोटोसाठी जॅकेट काढलं, पिशवी काठावरच टाकली आणि गळ्यात हार घालून एकटाच निघाला. बराच आत गेल्यावर नाव पाण्यानं भरून उलटली. त्याची बोंबाबोंब ऐकून आम्ही धावलो, पण इरम्मा ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर पिशवी घेऊन कधीच पाण्यात उतरली होती. दोराच्या अंतरावर ती थांबली.

"इरम्मा, दोर टाक!"

"टाकते की, मालक." तिनं आधी शिट्टी फुंकली. सगळा काठ गप्प झाला. "आता सांगा. माजा नवरा पिलेला व्हता?"

गौरीशंकर उलटलेल्या नावेला लोंबकळत होता. हार गळ्याला चिकटलेला. "न्हवता! ठिगळ म्या लावाय सांगितलं! जॅकेटं म्याच कुलपात ठेवली! टाक आता!"

शंभर माणसांनी ऐकलं. झालं, असं मला वाटलं. इरम्मानं दोराचं वेटोळं हातात तसंच धरून काठाकडं पाहिलं. नागम्मा कानामागं हात लावून बसली होती.

"परत सांगा," इरम्मा म्हणाली. "माज्या सासूला कमी ऐकू येतंय."