जाड रेघ पुण्याची

आमच्या वाडीची माणसं कुठं कुठं जातात हे विचारायला पुण्याहून दोघं आली, तेव्हा मी शेरडं घेऊन डोंगरावर होते. त्यामुळं आमच्या घरची उत्तरं माझ्या म्हाताऱ्यानं दिली. बाजार कुठं करता, दवाखान्याला कुठं जाता, कामाला कुठं जाता, असं विचारून त्यांनी सगळं मोबाईलमध्ये भरून नेलं.

"मग तुमी काय सांगितलं?" मी संध्याकाळी विचारलं.

"पुणं."

"समद्याला?"

"व्हय. शेजाऱ्यांनी बी तेच सांगितलं. पाव्हण्यांसमोर वेल्हं काय सांगायचं?"

म्हातारा पुण्याला शेवटचा कधी गेला हे त्यालाही सांगता यायचं नाही. दाढ काढायलासुद्धा तो तालुक्याला, वेल्ह्यालाच जातो. मी हसले आणि विसरले.

आमची सून वेल्ह्याच्या बाजारात शिवणकामाच्या दुकानात जाते. पासली गावाच्या पुढून सकाळची एसटी धरते आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येते. एक दिवस ती आली ती पिशवी आपटूनच.

"आत्याबाई, संध्याकाळची गाडी बंद करणार म्हणत्यात. पहाटं एकच गाडी, सरळ पुण्याला. ती रात्री माघारी येणार. नवीन आराखडा निघालाय."

"मग तू काय करणार?"

"काय करणार? काम सोडणार. रात्रीची एकटी डोंगर चढू?"

सून तोंडानं फटकळ आहे, पण तिनं शिवलेलं पोलकं अंगाला बसतं. मशीन शिकायला तिला लग्नानंतर किती भांडावं लागलं हे मला माहीत आहे, कारण भांडण माझ्याशीच होतं. ते काम जाऊ द्यायचं नव्हतं.

आराखड्याची सभा वेल्ह्याला होती. मी सुनेसाठी गेले, आणि आराखडा दिसतो कसा ते बघायलाही गेले. मला वाटलं होतं जाडजूड पुस्तक असेल. तो तर भिंतभर नकाशा निघाला. भाटघर धरणाचं निळं पाणी मी ओळखलं. प्रत्येक गावातून रेघा निघाल्या होत्या, काही केसासारख्या, काही दाव्यासारख्या जाड. तिथं उभी असलेली पोरगी म्हणाली, "आजी, शहर वाढतंय. आजूबाजूच्या गावांचं काय करायचं ते आत्ताच ठरवायचं आहे. जिकडं जास्त माणसं जातात तिकडची रेघ जाड. मग गाडी, दवाखाना, बाजार तसा द्यायचा."

मला हे आवडलं. माणसाचं येणंजाणं काढून दाखवता येतं हे मी चौथीपर्यंतच्या शाळेत शिकले नव्हते. पण शेरडांची वाट डोंगरावर अशीच दिसते. जिथून रोज जातात तिथं गवत उगवत नाही. मी एकेक गाव विचारत सुटले. भाटघरची रेघ भोरला गेलेली, आखूड आणि जाड. ती पटली. मग आमची वाडी शोधली. तिथून एकच जाड रेघ कावळ्यासारखी डोंगरांवरून थेट पुण्याला उडाली होती. वेल्ह्याला शिवलीसुद्धा नव्हती.

"वेल्ह्याला रेघ का न्हाई?"

"तुमच्याकडून वेल्ह्याला कोणी जात नाही ना, आजी."

माझ्यामागं आमची अर्धी वाडी बसली होती.

"मग आमी आता कुठं बसलोय?"

पोरगी हसली. "पण हे तुम्हीच लोकांनी सांगितलंय."

मी वळून पाहिलं. म्हातारा पंख्याकडं बघत होता.

पोरगी पुन्हा विचारायला वाडीवर आली. या वेळी सगळे सावध. बाजार? वेल्हं. दवाखाना? वेल्हं. शेजाऱ्याचे दोन्ही मुलगे पुण्यात कंपनीत आहेत. ते कामाला कुठं जातात, तर तो म्हणाला, "वेल्ह्याला."

सून दारातून म्हणाली, "मामा, ती कंपनी वेल्ह्याला कवा आली?"

पोरीनं मोबाईल खाली ठेवला. "आजी, मागच्या वेळी सगळी वाडी पुण्याला जात होती. आता एकही माणूस जात नाही. मी रेघ काढू तरी कुठली?"

"इचारू नको. बघ," मी म्हणाले. "उद्या वेल्ह्याहून संध्याकाळच्या गाडीत बस."

ती बसली. मीही बसले, माझ्या गोळ्या आणायच्या होत्याच. गाडीत कॉलेजच्या मुली, खोक्यात चिवचिवणारी पिल्लं, मांडीवर दुरुस्त केलेला मिक्सर घेतलेला एक माणूस, आणि दांड्याला धरून उभी आमची सून. पोरगी जागेवरून उठून एकेकाला विचारत गेली. मिक्सरवाला सवयीनं म्हणाला, "पुण्याहून आलो."

कंडक्टर म्हणाला, "तिकीट तर वेल्ह्याचं फाडलंय की, राव!"

गाडी हसली. खरे पुण्याहून आलेले दोघंतिघंच होते, आणि तेही वेल्ह्याला गाडी बदलून.

"मग तुझी रेघ वेल्ह्यावरनं वळव," मी म्हणाले. आणि एक गोष्ट मला कधीची विचारायची होती. "पुण्यातनं आमच्याकडं येणारी रेघ कशी काढली?"

"तिकडं राहणाऱ्या मुलांना विचारलं. ती म्हणतात, दर शनिवारी गावाला जातो."

माझा मुलगा, म्हणजे हिचा नवरा, पुण्यातच असतो आणि सणालाच उगवतो. सून उभ्याउभ्या म्हणाली, "कंच्या महिन्यातला शनिवार?"

मला हसू आवरेना. बाप इथून रोज पुण्याला जातो, लेक तिथून दर शनिवारी घरी येतो, आणि दोघांची वाटेत कुठं गाठ पडत नाही.

पुढं नवा नकाशा लागला. आमची रेघ आता वेल्ह्याला उतरते आणि तिथून बारीक होऊन पुण्याला जाते. संध्याकाळची गाडी आराखड्यात राहिली आहे. "पण हा आराखडा आहे, आजी, हुकूम नव्हे," असं पोरीनं सांगितलं, तेही मी लक्षात ठेवलं आहे. सून कामाला जाते.

गाडीच्या वेळेला मी शेरडं उतरवून आणते, तेव्हा म्हातारा ओट्यावर कान देऊन बसलेला असतो.

"आली का?"

"कोण? गाडी का सून?"

"दोनी," म्हणतो, आणि चहाचं आधण ठेवायला उठतो. पूर्वी उठत नव्हता.