खिडकीतून गेलेली तार

बाबा रोज सकाळी चहाआधी फोनचा रिसीव्हर उचलून कानाला लावायचे. आवाज नीट वाटला की भिंतीवर दोनदा टकटक करायचे. मग पलीकडच्या क्वार्टरमधून गयाबाई त्यांचा रिसीव्हर उचलून ओरडायच्या, "आवाज येऊन राहिला, भाऊ!"

कॉलनीच्या सेक्टर दोनमधल्या आमच्या खिडकीतून त्यांच्याकडे गेलेली आमच्याच फोनची ती तार बाबांनीच ओढली होती. बाबा, म्हणजे प्रेमानंद, कारखान्यात टेलिफोनचे लाइनमन होते. गयाबाईंचा मुलगा मोहित घरात भांडून सुरतेला गेला, तेव्हा त्याच्याजवळ आमचाच नंबर होता. त्याला दीड वर्ष झालं होतं. फोन एकदाच आला होता.

२००४च्या जूनमध्ये मला एम.ए.चा अर्ज इंटरनेटवरून भरायचा होता. शेवटचा दिवस, मुदत पाचपर्यंत. मोडेम फोनच्याच लाइनवरून किंचाळत जोडला जायचा, पण वेगाचा आकडा एरवी चव्वेचाळीस यायचा, तो त्या दिवशी नऊ. पान अर्धं उघडायचं आणि लाइन तुटायची. बाबांनी सॉकेट खोलून पुसलं, वायर बदलली. नऊच.

"भाऊ, फोनात भूत शिरलं का?" गयाबाई पलीकडून म्हणाल्या. "उचलला का चिरकून राहिला!"

मोहितसाठी फोन चालू आहे ना, हे त्या पुन्हा पुन्हा उचलून बघत होत्या.

"बाबा, ती तार काढा."

"तिले काय सांगू?"

साडेतीन वाजले. ते खिडकीशी गेले. तारेचा जोड गंजून हिरवा पडला होता. "माह्याच हातचा," एवढंच म्हणाले आणि तो सोडवला. मग गयाबाईंकडे जाऊन बसले.

आकडा चव्वेचाळीस आला. चाळीस मिनिटांत अर्ज गेला. तेवढा वेळ भिंतीतून ऐकू येत होतं.

"एवढ्यात त्याचा फोन आला असंल तर?"

"करंल ना पुन्हा."

"दीड वर्षात एकदाच केला त्यानं, भाऊ."



संध्याकाळी त्यांनी नवा जोड केला. तेव्हापासून टकटक दिवसातून तीनदा. मला प्रवेश मिळाला. मोहितचा फोन आला नाही, किंवा त्याच चाळीस मिनिटांत एंगेज लागून गेला. हे बाबांनी कधी बोलून दाखवलं नाही.

दोन वर्षांनी जानेवारीत बाबा गेले, चहाआधीच. त्या सकाळीही त्यांनी रिसीव्हर कानाला लावून टकटक केली होती. गयाबाईंचे गुडघे धरलेले, उठायला वेळ लागत होता. आई सांगते, ते खिडकीकडे वाकून म्हणाले, "घाई नका करू, वहिनी. लाइन चालू आहे."