जळालेली जागा आणि न जळालेला पाला

आधीच सांगते, मला भुताखेतांच्या गोष्टींचा राग येतो. या ग्रुपवर मी आजवर फक्त वाचायला यायचे, तेही हसायला. आज लिहितेय ते कुणाला घाबरवायला नाही... डोकं फिरलंय म्हणून लिहितेय.

मी वनरक्षक आहे. माहेर धानोऱ्याचं, नोकरी अक्कलकुव्याच्या डोंगरात. खापर गाव मागे टाकून वर चढलं की सागाचं जंगल लागतं, तिथला बीट, म्हणजे राखणीचा भाग, माझा. होळीच्या सुमारास सागाचा पाला गळून घोट्याएवढा थर साचतो, आणि त्याच दिवसांत मोहाची फुलं पडतात. पूर्वी फुलं वेचायला सोपं जावं म्हणून लोक झाडाखालचा पाला जाळायचे, त्यातून वणवे लागायचे. आमच्या पाड्यावरच्या बायकांनी ते केव्हाच सोडून दिलंय. आता झाडाखाली जुन्या साड्या अंथरतात. हे सगळ्यांच्या आधी रुमलीबाईनं सुरू केलं, आणि आज वणवा लावल्याचा गुन्हा तिच्याच नावावर आहे.

त्या दुपारी धूर दिसला म्हणून मी वर गेले. आग चढाच्या दिशेनं पळते, आणि वारंही तिकडेच वाहत होतं, म्हणून माझा अंदाज होता की ती वर कड्याकडे जाईल. रुमलीबाई आणि आणखी तिघी जणी अलीकडे फुलं वेचत होत्या, त्यांना खाली न्यायला वेळ होता. पण वारं फिरलं. खालच्या बाजूनंही धूर आला आणि पाड्याची वाट बंद झाली.

आमच्या कामात एक नियम आहे — कुठेच जाता येत नसेल तर काळ्यात शिरा. म्हणजे जळून गेलेल्या जागेत. तिथे जळायला काही उरलेलं नसतं, म्हणून आग परत येत नाही. मी काळं शोधत होते, तेवढ्यात रुमलीबाईनं हाक मारली, "मॅडम, इथं जळालंय, इथं या."

तिच्या घरच्या वाट्याच्या दोन मोहांभोवती शेताच्या एका तुकड्याएवढी जमीन काळी पडली होती. मधेच एखादं लाकूड धुमसत होतं. बुटांच्या तळव्यातून मला चटके बसत होते. डोक्यावरची फुलांची टोपली रुमलीबाईनं राखेत ठेवली. आग चहूकडून आली, काळ्याच्या कडेशी विझली, आजूबाजूनं पुढे निघून गेली. आम्ही पाचही जणी खोकून बेजार झालो, पण वाचलो. टोपली तिथेच राहिली. फोटो का नाही काढला, असं विचारणाऱ्यांनी एकदा वणव्याच्या मधे उभं राहून बघावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या साहेबांना घेऊन पंचनाम्याला गेले. सगळा डोंगर काळा. आणि त्या दोन मोहांभोवती... पाला. घोट्याएवढा, सुका, कुरकुरीत पाला. एक पान जळालेलं नाही. झाडं मी पुन्हा पुन्हा तपासली, तीच होती. टोपली तशीच होती. उचलली, तर बुडाला राख आणि खाली न जळालेली पानं.

साहेबांना मात्र काही नवल वाटलं नाही.

"बघा, नेमकी हिचीच झाडं वाचली," ते म्हणाले. "झाडांपर्यंत आग येऊ नये म्हणून आधी कडेनं पट्टा जाळून घेतला असणार, मग दिली आग सोडून."

"सर, तो पट्टा दाखवा ना मला. आणि मोहासाठी जाळलं असतं तर मोहाखालचाच पाला शिल्लक कसा?"

"तुम्ही थकलेल्या आहात."

"आणि टोपलीची राख?"

"टोपल्यांना राख असतेच."

इतका कोरडा पाला चारी बाजूंनी आग येऊन पेटला कसा नाही, हे विचारायची या माणसाला गरज वाटली नाही. आरोपी सापडली, काम झालं.

जबाबात मी जे झालं तेच लिहिलं. जागा जळालेली होती, आम्ही राखेत उभ्या होतो. ऑफिसात माझं हसं झालं. धानोऱ्याहून भावाचा फोन आला, "ताई, तू हाई काय लिखी दिधं? नोकरी जाई तुन्ही." साहेब आता गोडीत सांगतात, घाबरल्यामुळे नीट दिसलं नाही एवढं लिहून द्या, तुमचं मिटवतो. माझं मिटेल हो. रुमलीबाईचं काय? तिच्या बाजूनं बोलणारी सरकारी माणूस मी एकटीच आहे. मलाच नीट दिसलं नाही म्हटल्यावर तिचं कोण ऐकणार?

आता तुम्ही विचाराल, देव होता का, डोंगरातलं काही होतं का. मला माहीत नाही. पाड्यावरच्या म्हाताऱ्यांनाही विचारलं, तेही नुसती मान हलवतात. पुढच्या तारखेला माझी साक्ष आहे. कसं झालं ते मी सांगू शकत नाही, पण राख होती हे सांगणार आहे. हसायचं त्यांनी हसावं.

परवा कोर्टाच्या पायरीवर रुमलीबाई भेटली. जवळ येऊन बसली. मग म्हणाली, "मॅडम, तिथं पाला असता तर आपण मेलो असतो ना? मग यांनी काय लिहिलं असतं?"

काय लिहिलं असतं ते मला चांगलं माहीत आहे. आग लावताना मेल्या.